सोसायटीत ओला कचरा जिरवायचाय? मग पोस्टरपासून सुरुवात नको

दरवर्षी ५ जूनला, पर्यावरण दिनाला, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हिरव्या पृथ्वीचा फोटो टाकतं, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या डब्यात खरकटं, डायपर, दुधाच्या पिशव्या, कुरिअरचे खोके परत एकाच ठिकाणी. आपल्याकडे जनजागृती आता भरपूर झालीये, ढीग उलथणारे हात कमी पडतायत. म्हणून ज्यांना खरंच काहीतरी करायचंय, चार शेजारी तयार आहेत पण कुठून धरायचं ते कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी पुण्यात राहते म्हणून उदाहरणं पुण्याची येतील, पण ठाणे, नाशिक, कोल्हापूर कुठेही असाल तरी फार फरक नाही, तुमच्याकडे स्वच्छ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंऐवजी घंटागाडी येत असेल एवढंच.

सुरुवात ओल्या कचऱ्यापासूनच का? सोलर आहे, पाणी वाचवणं आहे, सायकल आहे, सगळं चांगलंच आहे. पण घरातल्या कचऱ्याचं साधारण निम्मं वजन ओल्याचं असतं आणि तो बाजूला झाला की उरलेला सुका आपोआप स्वच्छ राहतो, म्हणजे भाजीचं पाणी न लागलेला कागद विकला जातो आणि लागलेला कचरा डेपोत जातो, इतकं ते सरळ आहे. डेपोत ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजतो, मिथेन तयार होतो, आगी लागतात. २०१६ च्या जानेवारीत देवनारचं डंपिंग पेटलं तेव्हा मुंबईवर धूर पसरला होता ते बऱ्याच जणांना आठवत असेल. आणि आपल्या पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षं सोसला, त्यांना कितीदा गाड्या अडवाव्या लागल्या, हे कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमध्ये बसून आपल्याला सहज विसरता येतं.

आधी कचरा नेणाऱ्या ताईंशी बोला

चेअरमनशी नंतर. पहिलं बोलणं जी बाई रोज तुमचा डबा उचलते तिच्याशी. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, बाबा आढावांच्या साथीने उभी राहिलेली, आणि त्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था आली जी २००८ पासून महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करते. म्हणजे तुमच्या दारात येणाऱ्या ताईंना या विषयातलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, यात काही नम्रपणा नाही, खरंच कळतं.

विचारायचं काय? कुठल्या विंगचा कचरा चांगला वेगळा असतो, कुठल्या विंगचा बघवत नाही, काय विकलं जातं, काय नाही, काच कुणी उघडी टाकतं का, त्या कुठे बसून वेगळं करतात, तिथे पाणी आणि सावली आहे का. अर्ध्या तासात तुम्हाला सोसायटीचा अख्खा नकाशा मिळतो. आणि एक गोष्ट पक्की धरा, सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे हे त्यांचं उत्पन्न आहे. मधेच एखादी अ‍ॅपवाली कंपनी येते, आम्ही तुमचा सुका कचरा नेतो, पॉइंट देतो, कूपन देतो म्हणते, आणि आपले उत्साही लोक लगेच हो म्हणून मोकळे होतात. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा हा विकला जाणारा माल कंपनीने नेला की ताईंच्या वाट्याला फक्त घाण उरते. अशी पर्यावरणसेवा नकोच.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचं पण आत्ताच ठरवून टाका. वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, वेगळं द्यायचं. लाल ठिपक्याची ही मोहीम स्वच्छच्या ताईंकडूनच आलेली आहे, कारण उघडं पॅड हाताने वेगळं करावं लागणं काय असतं ते त्यांनाच माहितीये. बायकांच्या ग्रुपवर हा मेसेज एका बाईनेच टाकावा आणि लाजत लाजत टाकू नये.

टीम छोटी ठेवा

प्रत्येक विंगमधून एकजण, बास. पन्नास जणांचा ग्रुप केलात तर चर्चाच होते. एक रिटायर्ड काका हवेत ज्यांना सकाळी वेळ आहे आणि जे कुणाच्या बोलण्याने पटकन चिडत नाहीत. एक जण हिशोब ठेवणारा. एक काकू हव्यात ज्यांचं सगळ्या मजल्यांवर जाणं-येणं आहे, हळदीकुंकवाची यादी ज्यांना पाठ असते त्या. कॉलेजची मुलं येतात पण परीक्षा आली की गायब होतात, त्यात त्यांचा दोष नाही, फक्त रोजचं काम त्यांच्यावर टाकू नका.

आणि माळीकाका, हाउसकीपिंगची माणसं यांना गृहीत धरू नका. ढीग हलवणं हे जास्तीचं काम आहे, जास्तीच्या कामाचे जास्तीचे पैसे, ग्लोव्हज, बूट, हात धुवायला साबण. व्हॉलंटिअर मंडळींनी फुकट काम करायचं ही त्यांची हौस, पगारी माणसाने का करावं?

एक आठवडा फक्त वजन करा

लोकांना हे बोअर वाटतं पण करा. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकवायचा वजनकाटा आणा, एका विंगचा ओला कचरा सात दिवस तोला आणि लिहून ठेवा. अर्धा किलो प्रत्येक घरामागे असा अंदाज सगळे सांगतात, पण आमरसाच्या दिवसात कोयी आणि सालींनीच डबा भरतो आणि श्रावणात निर्माल्य वाढतं, त्यामुळे दुसऱ्या सोसायटीच्या आकड्यावर टाक्या मागवू नका. हाच आकडा पुढे कमिटीसमोर कामाला येतो.

आता कमिटी

इथे बरेच जण अडकतात. पर्यावरण, पृथ्वी, पुढची पिढी यावर मॅनेजिंग कमिटी हलत नाही, तिला तीन गोष्टी कळतात, नियम, पैसे आणि तक्रारी.

नियमाचं असं की २०१६ च्या घनकचरा नियमांपासून कचरा वेगळा करून देणं ही प्रत्येक घराची जबाबदारी झालीये आणि दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणारे मोठे कचरा-उत्पादक मानले जातात, ५,००० चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा हेही २०१६ च्या नियमांत होतं, २०२६ मध्ये नवे नियम आलेत, तेव्हा सध्याच्या मर्यादा महापालिकेत विचारून घ्या. पैशाचं म्हणाल तर पुण्यात गांडूळ खत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं यातलं काही चालू असेल तर मिळकत करात ५ ते १० टक्के सवलतीची सोय आहे, पण प्रकल्प चालू स्थितीत दिसायला लागतो आणि कागदपत्रं लागतात, क्षेत्रीय कार्यालयात जाऊन सध्याच्या अटी आधी विचारून घ्या. आणि तक्रारींचं, म्हणजे वास येईल, उंदीर येतील, डास होतील. या तिन्हीला तुमच्याकडे उत्तर तयार हवं, ते खाली सांगते.

मागणी छोटी करा. एका विंगपुरतं, तीन महिने, कोपऱ्यातली सावलीची जागा, जवळ एक नळ आणि थोडे पैसे. लाखांचं मशीन मागू नका. ती वीज खाणारी मशिनं जी २४ तासात खत म्हणतात, त्यातून निघतं ते बऱ्याचदा फक्त वाळवलेला, दळलेला कचरा असतो, पाणी लागलं की परत वास मारतो. मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्ट संपला की ते मशीन पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली जातं, अशी मशिनं तुम्ही पण पाहिली असतील. कायमचा खर्च मंजूर करायचा असेल तर तो वार्षिक सर्वसाधारण सभेत घ्या, सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, तोवर तुमचे तीन महिन्यांचे आकडे आणि मूठभर खत हातात असेल असं बघून सुरुवात करा.

जागा निवडताना कुणाच्या बेडरूमच्या खिडकीखाली नको, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीजवळ तर अजिबातच नको. एवढी काळजी घेतलीत तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

खत करणं, म्हणजे मुख्य काम

पद्धती पुष्कळ आहेत पण नवख्या लोकांनी भाजीचे जाळीदार प्लास्टिकचे क्रेट घ्यावेत किंवा विटांच्या मधे फटी सोडून बांधलेला हौद. दोन्हीत हवा खेळते आणि तीच मुख्य गोष्ट आहे. क्रेटला आतून कागद किंवा जुनी शेडनेट लावा म्हणजे माल बाहेर सांडत नाही. हौद असेल तर तळाला बारीक लोखंडी जाळी, उंदरांचा प्रश्न तिथेच संपतो.

तळाला काड्या, नारळाच्या शेंड्या असं जाडंभरडं घाला. त्यावर एक बादली ओला कचरा, की लगेच एक ते दीड बादली सुका पाला. हे प्रमाण वजनाचं नाही, आकारमानाचं आहे, पाला हलका असतो. त्यावर दोन मुठी जुनं खत शिंपडा, नसेल तर आंबट ताक पाण्यात घालून किंवा शेणकाला, महागडं कल्चर (जिवाणूंचं विरजण) विकत घेतलंच पाहिजे असं काही नाही. आणि सगळ्यात वर कायम पाल्याचं पांघरूण. ओला कचरा उघडा दिसला नाही पाहिजे, हा एक नियम पाळलात तर माश्या, वास आणि कुलकर्णी आजींची (नाव आपलं असंच घेतलं, प्रत्येक सोसायटीत असतात) तक्रार, तिन्ही होत नाहीत.

मोठे तुकडे आधी कापा. केळीचा खुंट, मक्याचं कणीस, कलिंगडाची साल हे तसंच टाकलं तर महिनोन् महिने तसंच राहतं. आंब्याची कोय आणि करवंटी वेगळी काढा. हाडं आणि तेलाचा रस्सा सुरुवातीला नको, हात बसला की थोडं थोडं चालतं. शिळी पोळी, भात चालतो पण पाल्यात मिसळून. फळांवरचे स्टिकर, निर्माल्यातला दोरा आणि जरीचं प्लास्टिक, यासाठी एक जण डोळ्यात तेल घालून उभा हवा.

ओल किती हवी? मूठभर माल घट्ट दाबायचा, बोटांतून एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त ओलं, आणि मूठ उघडल्यावर भुगा पडला तर कोरडं. आठवड्यातून एकदा खालचा माल वर, वरचा खाली. तीन-एक फूट उंचीचा ढीग जमला असेल तर मधे हात घालवत नाही इतकी उष्णता होते, ५५ अंशांच्याही वर जाते, घाबरू नका, काम चालू आहे, तणांचं बी आणि रोगजंतू त्यातच मरतात. क्रेटसारख्या छोट्या मापात इतकं तापत नाही, त्यामुळे वेळ जरा जास्त लागतो. दीड ते तीन महिन्यांत माल काळा, भुसभुशीत होतो, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो आणि ढीग बसून बसून चतुर्थांश होतो. चाळायचं, चाळणीवर उरलेलं परत नव्या क्रेटच्या तळाला, कारण त्यात विरजण तयार असतं.

आता एक गोष्ट जी बरेच जण सांगत नाहीत. पाला जुलैत मिळत नाही. जुलैत सगळं भिजलेलं असतं, नेमकं तेव्हाच तुम्हाला सुक्याची सगळ्यात जास्त गरज पडते आणि मग लोक ओल्यावर ओलं टाकत जातात आणि वास सुटतो आणि प्रकल्प बंद. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तेव्हा झाडूवाले काका जे ढीग कोपऱ्यात पेटवतात ते पेटवू द्यायचे नाहीत, पोत्यात भरून, पायाने तुडवून चुरा करून गच्चीच्या जिन्याखाली किंवा कुठेही कोरड्यात रचून ठेवायचे. पंचवीस घरांना तीस-चाळीस पोती असू द्या, जास्त झाली तर बिघडत नाही. कमी पडलीच तर सुताराकडचा लाकडाचा भुसा चालतो, प्लायवुडचा नको, त्यात गोंद असतो.

दारोदारी जाताना

लेक्चर देऊ नका. काकू, ओला वेगळा ठेवाल का, आपल्याच आवारात खत करतोय, एवढंच वाक्य. हिरवा डबा ओला, निळा सुका. पिशवीत बांधून ओला कचरा घ्यायचा नाही हे पहिल्या दिवसापासून सांगा, डब्याला खाली वर्तमानपत्र घातलं की झालं. घरात कचरा प्रत्यक्ष टाकतं कोण ते बघा, बऱ्याच घरात स्वयंपाकाच्या मावशी टाकतात, तर मालकिणीला समजावून उपयोग काय, मावशींना भेटा, त्या दुपारी एकत्र निघतात तेव्हा गेटवर पाच मिनिटं.

मिसळलेला डबा आला तर घ्यायचा नाही, पण फोटो काढून फ्लॅट नंबरसकट ग्रुपवर टाकायचा नाही. एकदा अपमान झाला की ते घर कायमचं विरोधात जातं आणि सभेत त्याच घरातलं कोणीतरी बोलायला उभं राहतं. दारावर जायचं, हसून दाखवायचं, हे बघा यात ब्लेड आलं होतं, ताईंच्या हाताला लागलं असतं. पृथ्वीपेक्षा ताईंचा हात लोकांना लवकर पटतो असा माझा अनुभव आहे.

काही घरं कधीच करणार नाहीत. सोडून द्या. बाकीची घरं नीट चालली की ढीग चालतो.

बिघडलं तर

नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास म्हणजे ओलं जास्त, पाला घाला. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही, उलथा आणि जाडंभरडं मिसळा. मुंग्या झाल्या तर कोरडं झालंय, पाणी मारा. पांढरी बुरशी दिसली तर आनंदाने पुढे जा.

अळ्यांचं मात्र जरा सांगायला लागतं कारण लोक त्याच दिवशी सगळं बंद करायला निघतात. त्या राखाडी-तपकिरी जाड अळ्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असतात, ती माशी घरात अन्नावर बसत नाही, अळ्या उलट कचरा फस्त करतात. तरी कुणाला बघवत नसेल तर पाला वाढवा, ओल कमी झाली की त्या जातात. कीटकनाशक फवारायचं नाही, कुणी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं तर त्याला आधी चहा द्या आणि परत पाठवा. डासांना साचलेलं पाणी लागतं, ढिगात ते नसतं, खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये पाणी साठत असेल तर ते रोज काढा, दहापट पाण्यात घालून झाडांना देता येतं.

सुक्यातलं जे कुणीच नेत नाही

ओलं सुरळीत झाल्यावरच याला हात लावा. चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, फाटके कपडे, जुने चार्जर, सेल हे भंगारवाला घेत नाही किंवा घेऊन फेकतो. दोन-तीन महिन्यांतून एका रविवारी सोसायटीत गोळा करायचं आणि अधिकृत रीसायकलरकडे द्यायचं, ई-कचऱ्यासाठी तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतला आहे ना ते बघा. पिशव्यांची बंदी महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला आली, थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे चमचे-स्ट्रॉ यांची देशभरातली बंदी १ जुलै २०२२ ला, तरी वाढदिवसाला येतंच सगळं. भाषण देण्यापेक्षा सोसायटीत स्टीलच्या पन्नास ताटल्या, वाट्या, पेले विकत घेऊन ठेवा, ज्याला हवं त्याने न्यावं, घासून परत द्यावं. भांड्यांची ही बँक कंपोस्टपेक्षा लवकर लोकप्रिय होते हे आधीच सांगून ठेवते.

गणपतीत निर्माल्याचा वेगळा हौद करा, दोरे आणि प्लास्टिक काढून फुलं सरळ खतात. शाडूची मूर्ती बादलीत विरघळते. प्लास्टरची असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे, पावडर महापालिका वाटत आलीये, मूर्तीच्या वजनाएवढी साधारण लागते, दोन-तीन दिवस अधूनमधून ढवळायचं, उघड्यावर करायचं कारण वास उग्र असतो. उरलेलं पाणी पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं.

माणसं टिकवणं

पहिला महिना सगळे येतात. मे महिन्यात गावाला जातात, दिवाळीत जातात, आणि ढीग एकाच माणसावर पडतो, मग तो माणूस एक दिवस ग्रुप सोडतो. म्हणून वारांप्रमाणे पाळी लावा, सोमवार ए विंग, मंगळवार बी विंग, आणि सुट्ट्यांच्या याद्या आधी घ्या. किल्ली, वजनाची वही, पाल्याची पोती कुठे आहेत, रीसायकलरचा नंबर, हे दोन जणांना तरी माहीत हवं. ज्या माणसाशिवाय चालत नाही असा माणूस टीममध्ये तयार झाला असेल, आणि तो बहुतेक तुम्हीच असाल, तर पंधरा दिवस मुद्दाम बाजूला होऊन बघा काय होतं ते.

पहिलं खत निघालं की विकायची घाई करू नका. सगळ्यात आधी माळीकाकांना, मग ताईंना विचारा, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या दारात तुळस-कढीपत्ता असतो. मग ज्या घरांनी कचरा दिला त्यांना एक-एक किलो, कागदी पिशवीत, कुंडीत मातीच्या पावपट घाला असं वर लिहून. आणि एक पिशवी त्या घरालाही द्या जे सभेत विरोधात बोललं होतं. उरलं तर सोसायटीच्या झाडांना, आणि तरीही उरलं तर जवळच्या नर्सरीला, पण चाळून आणि सावलीत वाळवून, ओलं खत पोत्यात बंद केलं की आठवड्यात परत कुबट होतं.